सरकारांसाठी घेतलेलं बिलियर्डचं टेबल

माझे वडील एका जहागीरदारांचे वकील होते; त्यांना सगळे सरकार म्हणत. दर रविवारी ते त्यांच्या वाड्यावर बिलियर्ड खेळायला जात आणि हरून येत. मुद्दाम हरत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारांपुढे जिंकायचं नसतं, एवढं कोल्हापुरात शिकवावं लागत नसे.

संस्थान विलीन झालं आणि वाड्यातलं सामान हळूहळू विकायला निघालं. टेबलही निघालं. सरकारांनी बाहेर पडणं सोडलं, धड जेवत नाहीत असं कानावर यायचं. वडिलांना ते बघवेना. "आपल्याकडे टेबल आणू," ते म्हणाले. "खेळायच्या निमित्तानं तरी हिंडतील फिरतील."

"मग त्यांचंच घ्या की," आई म्हणाली.

"त्यांचंच टेबल विकत घेऊन त्यांनाच खेळायला बोलवू? काहीतरीच काय बोलतेस!"

त्यामुळे हाताशी असलेलं सोडून शोधाशोध सुरू झाली. हातकणंगल्याकडे एका व्यापाऱ्याकडे लहानसं टेबल होतं. आईला ते पसंत होतं, कारण ते घरात मावलं असतं. वडिलांनी त्यावर चेंडू हलकेच सोडला. तो अर्ध्यातच डावीकडे वळला. तळ लाकडाचा होता आणि एका पावसाळ्यात फुगला होता. दुसरं गावाबाहेरच्या एका रिकाम्या बंगल्यात मिळालं, पुरं बारा फुटी, खाली पाटीचा दगड. इथे चेंडू सुतात गेला. वडिलांनी हिरव्या बनातीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "सरकारांच्या हाताला हेच माप आहे." मला तेव्हा चौदावं लागलं होतं. आपल्या बापाचा हात कुणाच्या तरी हातासाठी एवढा झिजतो, याचा मला मनातून संताप यायचा.

दगडाच्या पाच लाद्या बैलगाड्यांतून आल्या. एकेका लादीला सहा हमाल लागले. त्यांतला एक ओरडला, "वकीलसाब, ह्ये खेळायला आणलंय का कुणाला पुरायला?" मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली. पक्षकार ओसरीवर बसू लागले.

सरकार यायला तयार होईनात. तीन वेळा निरोप गेला, चौथ्या वेळी आले. टेबलाभोवती एक फेरी मारली, काठी उचलली आणि म्हणाले, "राज्य गेलं, वकील. आता कसले सरकार न् कसले काय. आज खरं खेळा."

वडिलांनी मान तुकवली आणि ते खरं खेळले. मी दारात उभी होते. वडिलांचा हात असा चालतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लाल चेंडू सांगितल्यासारखा जाळीत पडत होता. तिसऱ्या पाळीत त्यांचे शंभर भरले, सरकारांचे वीसही झाले नव्हते. मला अभिमानानं ओरडावंसं वाटलं. मग मी सरकारांकडे पाहिलं.

"वाड्यावर बी असंच खेळता आलं असतं तुमास्नी?" त्यांनी विचारलं.

वडील काठीच्या टोकाला खडू घासू लागले.

"म्हंजे आमी एकदाबी जिंकलो न्हाय," सरकार म्हणाले. काठी जागेवर ठेवून, चहा न घेता, सावकाश पायऱ्या उतरून गेले.

आई आतून आली. "खरं खेळा म्हणाले, म्हणून खरं खेळायचं असतं व्हय?"

"त्यांचा हुकूम होता," वडील म्हणाले. इतक्या केविलवाण्या आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी टांगा पाठवला. तो रिकामा परत आला. तरी पावसाळा लागेपर्यंत ते दर रविवारी टांगा पाठवत राहिले.