हळदीच्या लोकरीची बाभूळफुलं

सुमन, आज लगेच फोन ठेवू नको, जरा ऐक बाई. फोनवर 'आत्या, बरी हायेस का' एवढं म्हणून ठेवून देतीस, ही काय रीत झाली?

आज कानातली करायला लोकर हळदीच्या पाण्यात भिजवली, अन् त्या ओल्या वासानं मी एकदम लहान झाले. ताडकळसला मावशीच्या घरी लग्न होतं. माझे कान मोकळे, म्हणून मी जायलाच तयार नव्हते. पोरी बाभळीची पिवळी फुलं घालायच्या, पण ती दुपारपर्यंत सुकायची. मग आबांनी, म्हंजी तुझ्या आजोबांनी, मेंढरांमागं हिंडता हिंडता हळदीची लोकर तळहातावर वळली अन् लिंबाच्या काडीवर बसवून हुबेहूब बाभळीची दोन फुलं माझ्या कानात घातली.

मांडवात मावशी म्हणली, "कानात मेंढरं बांधून आणलीस का गं?" सगळ्या हसल्या, अन् मग एकेकजण हात लावून बघायला लागली.

तेवढ्यात आबा आले. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून, घोंगडी खांद्यावर तशीच.

"दाजी, पंगत बसायलीय, जेवून जावा," मावशी म्हणली.

"बसतो की," म्हणले, माझ्या कानांकडं निवांत बघितलं, अन् तसेच माघारी गेले. मला लय राग आला होता.

आता स्वतः फुलं वळते तेव्हा कळतं, ते जेवायला आलेच नव्हते. हातानं केलेलं कुणाच्या अंगावर बघितल्याशिवाय पुरं झाल्यासारखं वाटत न्हाई. तुझी जोडी मी डबीत घालून पाठवली, कानात कुठं बघितली? या रविवारी घालून ये, मला उजेडात बघू दे.