पदकं उजवीकडं

माझे यजमान फौजेत होते. निवृत्तीनंतर आम्ही गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या. दर सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांच्या झेंडावंदनाला ते कोटावर पदकं लावून जायचे. लावायची मी. पाच पदकं एकाच पट्टीवर, मागं लांब पिन. मी समोर उभी राहून त्यांच्या छातीवर डाव्या बाजूला ती अडकवायचे. ते मान ताठ धरून विचारायचे, "सरळ हाय का?" मी म्हणायचे, "आता काय ओळंबा लावून बघू?" दरवर्षी हेच, आणि दरवर्षी ते हसायचे.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. लढाईत नाही, दवाखान्यात, काविळीनं.

यंदा त्यांच्या एका सोबत्याचा, एका सुभेदारसाहेबांचा, फोन आला. "भाभी, झेंडावंदनाला या. मेडलं लावून या." पिशोरच्या धाकट्या दिराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला लावता? दादाची कमाई हाय ती. फ्रेम करून भिंतीला लावा." मला रागच आला. त्याचा दादा सरहद्दीवर असताना त्याच्या आईची दुखणी मी एकटीनं काढली, ती कुणाची कमाई होती? पण फोन ठेवल्यावर मलाही शंका आली. खरंच आपला हक्क आहे का?

तरी लावली. सकाळी थंडी होती म्हणून स्वेटर घातला, आरशासमोर उभी राहिले आणि पिन टोचली. पट्टीच्या वजनानं लोकर खाली ओढली गेली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, पदकं उजवीकडं लागलीत. ते तर डावीकडं लावायचे. इतकी वर्षं समोरून लावायची सवय, त्यामुळं आरशासमोरही हात माझ्या उजव्या बाजूलाच गेला होता. एवढं साधं जमलं नाही म्हणून शरम वाटली. मैदानात उतरताना पट्टीवर पदर ओढून घेतला.

सुभेदारसाहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मी म्हटलं, "चुकून उलट्या बाजूला लागली."

"नाय भाभी, बिलकूल बरोबर लावली. ज्यानं कमावली त्यानं डावीकडं. तो गेला की घरच्यांनी उजवीकडं. कायदाच हाय तसा. झाकू नका."

म्हणजे हक्क होता. दिराला सांगायला उत्तर मिळालं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं. मी पदर सारला. येणारा प्रत्येक जुना सैनिक आधी माझ्या उजव्या खांद्याखाली बघायचा आणि मग आवाज खाली आणून नमस्कार करायचा. एवढ्या माणसांत मी इतकी एकटी कधी उभी राहिले नव्हते. जिलेबीची पुडी ते दरवर्षी घरी आणायचे. यंदा वाटणाऱ्यानं ती माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर पुडी ओट्यावर ठेवली. कपाटातला त्यांचा कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला आणि समोर उभी राहून पट्टी त्यावर लावली. डावीकडं. हात आपोआप तिथंच गेला. जरा तिरकी बसली होती. मी ती नीट केली नाही, तशीच थांबले, ते विचारतील म्हणून.