डस्टर ज्याच्या हातात

आमच्या बोरिवलीच्या शाळेत दर बुधवारी एक समुपदेशक बाई यायच्या. नाव कुणी विचारलंच नाही. सगळे त्यांना 'बुधवारच्या मॅडम' म्हणायचे. प्रयोगशाळेत सतरंजी टाकून त्या आठवीच्या आठ मुलांना गोल बसवायच्या, चपला काढून स्वतःही मांडी घालायच्या आणि मध्ये फळ्याचा डस्टर ठेवायच्या. नियम एकच: डस्टर ज्याच्या हातात, तोच बोलणार.

ही आठही मुलं माझ्या गणितात नापास झालेली. वर्गात तोंड उघडतील तर शपथ! गप्पा मारून गणित कसं येतं, हे बघायला मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो.

पहिल्या मुलाने डस्टर घेतला आणि तो विचार करू लागला. मी म्हटलं, "अरे, बोल ना लवकर!" मॅडमनी माझ्याकडे न बघता नुसतं डस्टरकडे बोट दाखवलं. दुसऱ्याला शब्द सुचेना, म्हणून मी सुचवला. परत बोट. तासाभरात ते बोट सात वेळा उठलं.

शेवटी डस्टर एका मुलीकडे आला. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मला उत्तर येतं. पण मी हात वर करेपर्यंत सरच सांगून टाकतात."

"सेम टू सेम!" बाकीची सातही ओरडली. त्यांना मात्र मॅडमनी बोट दाखवलं नाही.

मुलं गेल्यावर मी जरा घुश्शातच विचारलं, "मग, आहे का काही सुधारणा?"

"मुलांचं छान चाललंय, सर," एका हातात डस्टर धरून चपला घालत त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र पुढच्या बुधवारीही या."

मी तोंड उघडलं. डस्टर अजून त्यांच्याच हातात होता.