फार स्वच्छ लुगडं

"हे फार स्वच्छ आहे," ती म्हणाली. "गरीब वाटतच नाही."

आणि तिनं कात्री मागितली.

लुगडं माझ्या आईचं होतं. हिरवं, लाल काठाचं, गुडघ्यापाशी दोन ठिगळं. आई जाऊन तीन महिने झाले होते. पाच मिनिटांपूर्वी मीच ते माझ्या हातांनी या कात्री मागणारीला नेसवलं होतं.

ती म्हणजे शेठची मुलगी. शहापूरहून मुरबाडकडे जाताना डोंगराच्या अंगाला शनिवार-रविवारचे बंगले आहेत. त्यातल्या एकाची राखण बाबा करायचे. बागेमागच्या खोलीत आम्ही राहायचो. ती सतरा वर्षांची, मीही सतराच. पण मी तिला ताई म्हणायचं आणि तिनं मला "ए". हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, माहीत नाही.

वाचून झालेली पुस्तकं ती मला द्यायची. त्यात पाच भागांची एक इंग्रजी मालिका होती. राजपुत्राचं मन जिंकायला राज्यभरातून मुली महालात येतात. तो एकेकीला घरी पाठवत जातो. शेवटी उरते ती सगळ्यांत गरीब. शब्दकोश मांडीवर घेऊन मी पाचही भाग वाचले. खोटं कशाला सांगू, आवडले. त्या गरीब मुलीच्या जागी मी मलाच बघायचे.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा दुपारी तिला ती गोष्ट सांगत बसायचे. तिला अक्षरओळख नव्हती. पण कुणी काही सांगितलं की आधी संशय घ्यायचा, ही तिची रीत.

"येवढ्या पोरी महालात बसल्यात, तर भाताची आवणी कोन करतं?"

"आई, गोष्ट आहे ती."

"आनि ज्या घरी धाडल्या त्यांचं काय झालं गो?"

"पुस्तकात नाही दिलेलं."

"त्या पोराची परीक्षा कोन घेतं?"

"त्याची नसते."

"मंग लबाड हाय तुजं पुस्तक," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

मी हसले होते.

हिरवं लुगडं तिचं बाहेर जायचं. शहापूरचा बाजार, माझ्या शाळेतली पालकसभा. आल्याबरोबर धुवायची, घडी करून उशीखाली दाबायची. शेवटच्या महिन्यात तिला उभं राहवत नव्हतं. दवाखान्यात न्यायचं तर मी नेसवायचे. मी खाली बसून निऱ्या धरायचे, ती माझ्या डोक्यावर हात टेकून तोल सांभाळायची.

शेठच्या मुलीचा वाढदिवस आला. मैत्रिणी येणार होत्या. त्यांनी त्या मालिकेतला शेवटचा प्रसंग बसवायचं ठरवलं. आदल्या दिवशी ती खोलीच्या दारात आली.

"तुझ्या आईचं ते हिरवं लुगडं आहे ना अजून? उद्या घेऊन ये. गरीब मुलीच्या पार्टसाठी."

चूक इथं झाली, आणि ती माझी होती. ती म्हणाली घेऊन ये. मी ऐकलं, तू ये.

मी केस धुतले. पुस्तकातलं त्या मुलीचं शेवटचं बोलणं पाठ केलं. विहिरीवर उभं राहून दोनदा म्हणून पाहिलं. उच्चार चुकू नयेत म्हणून सावकाश म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लुगडं घेऊन वर गेले. तिनं ते जीन्सवरच अंगाला लावलं. "नेसव मला. आणि झालं की सरबताचा ट्रे घे."

मी नेसवलं. खाली बसून निऱ्या धरल्या. तिनं माझ्या डोक्यावर हात टेकला.

मग ती आरशात बघून म्हणाली, स्वच्छ आहे. कात्री ठिगळातूनच गेली. आईचे टाके बारीक होते, तुटताना आवाज आला. कुंडीतली ओली माती एका मैत्रिणीनं पदराला फासली. मी गप्प होते. एवढ्या वर्षांनीही सगळ्यांत जास्त तेच टोचतं. मी गप्प होते.

हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. चार मुली लांब झग्यांत. तिचा मावसभाऊ राजपुत्र, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. ती चिखलाचं लुगडं सावरत आली. टाळ्या पडल्या. तिची आई म्हणाली, "अगदी खरी दिसतेस गं!"

राजपुत्रानं गुडघा टेकला. मी तुझे कपडे पाहत नाही, तुझं मन पाहतो, असं काहीतरी इंग्रजीत म्हणाला.

मी ट्रे गवतावर ठेवला.

"लुगडं सोड," मी म्हणाले. "माझ्या आईचं आहे."

पहिल्यांदाच तिला एकेरी बोलले.

"आत्ता? अगं, संपू तर दे."

"आत्ता."

तिची आई उठली. "एवढं काय त्यात? जुनं तर आहे. नवी साडी देते तुला. दोन घे."

बाबा फाटकापासून धावत आले. हात जोडलेलेच. मला म्हणाले, "बाय, जाऊ दे. पोर हाय ती."

"मीपण पोरच आहे, बाबा."

कुणी हसलं. मग नाही हसलं. तिनं गाठ सोडली. नऊ वार कापड गोळा करायला वेळ लागतो. सगळे बघत असताना मी ते हातभर हातभर ओढून घेतलं. तिथंच घडी घातली, आई घालायची तशी, काठाला काठ लावून. पाचवं पुस्तक अजून माझ्याकडेच होतं. ते संध्याकाळी त्यांच्या पायरीवर ठेवून आले.

महिनाभरात बंगल्याला दुसरा राखणदार मिळाला. आम्ही डोळखांबकडे आमच्या पाड्यावर परतलो. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. एके सकाळी त्यांनी लुगडं मागून घेतलं आणि स्वतः ओहोळावर नेऊन माती धुतली. कात्रीची चीर तशीच आहे. मी ती शिवलेली नाही.

आता मी थोडंफार लिहिते. मागे एका संपादकांनी आईवरचा माझा लेख परत पाठवला. भाषा चांगली आहे म्हणाले, पण गरिबी अजून दिसायला हवी. झोपडी वाढवा, चूल वाढवा.

मला कात्री ओळखता येते. कौतुक करणाऱ्याच्या हाताकडे मी आधी बघते. हे वाचताना तुमच्याही हाताकडे बघते आहे.

लेख मी बदलला नाही, बदलणारही नाही. माझी आई माझ्या लिहिण्यात येईल ती धुतलेल्या लुगड्यात येईल. कुणाला ती खरी वाटो न वाटो. आणि तिला नेसवायचं काम माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.