तीन नंबरच्या भिंतीतला श्वास

या जगात काहीही विनाकारण चालू राहू नये, एवढ्यासाठीच देवाने आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांना जन्माला घातलं असावं. बोरीवलीच्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातल्या, ठेंगण्या, आवाज मात्र सर्जनला गप्प करणारा. मी भूल देणारा डॉक्टर, तरी त्यांच्यापुढे दबकूनच असे. गॉजचं पाकीट कुणी लागण्याआधी फोडलं की म्हणत, "आधी मागू दे ना, मग फाड." एकदा वापरून फेकायचे गाऊन बंद करून त्यांनी कापडी आणले, तेव्हा एका बड्या सर्जनने नाक मुरडलं. सिस्टरांनी त्याच्या पाठीच्या नाड्या स्वतः बांधल्या आणि म्हणाल्या, "झकास दिसताय." पुढे तो कापडी गाऊन मागून घेऊ लागला. त्यांच्या राज्यात कचऱ्याच्या पिशव्या उपाशीच राहत.

रिकाम्या थिएटरात एसी चालू ठेवणं त्यांना पाप वाटे. बरंच भांडून त्यांनी परवानगी मिळवली आणि एका रविवारी दुपारी तीन नंबरच्या थिएटरचा एसी पहिल्यांदाच बंद केला. दहा मिनिटांत त्या माझ्या खोलीत आल्या. चेहरा उतरलेला.

"डॉक्टर, तीन नंबरमध्ये कुणीतरी श्वास घेतंय."

"कुलूप होतं ना?"

"मीच उघडलं. आत कुणी नाही."

मी हसत गेलो. आत काळोख, टेबल रिकामं, मशीन झाकलेलं. आणि खरंच, भिंतीतून एक बारीक, लांबच लांब श्वास येत होता. मी भिंतीला कान लावला. सिस्टर कुजबुजल्या, "नीट ऐका. नुसता सोडतोय. आत घेतच नाही."

तेव्हा मला उमगलं. भिंतीमागून भुलीच्या वायूची नळी गेली होती. लोक त्याला हसवणारा वायू म्हणतात. आम्ही तो आता क्वचितच वापरायचो, पण नळीच्या सांध्यातून तो अखंड गळत होता. आभाळात गेला की पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहून तो पृथ्वी तापवतो. एसीच्या घरघरीत कुणाला ऐकूच आला नव्हता. दार सताड उघडून मी खाली सिलिंडरच्या खोलीत धावलो, त्या वायूचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. वर आलो, तर श्वास थांबला होता.

"कधीपासून गळत असेल?" सिस्टरांनी विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित भिंत बांधली तेव्हापासून."

"म्हणजे एवढी वर्षं मी याच्याकडेच पाठ करून उभी होते."

ती नळी पुढे कायमची बंद झाली. आता गरज पडली तर मशीनला छोटा सिलिंडर लावतो. सिस्टरही निवृत्त झाल्या. मला मात्र त्या आठवतात त्या दुपारच्याच. त्यांनी डोळे पुसले, गेलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावा तसा त्या भिंतीवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.