अडीच वाजताचा आकडा

फोनवर ‘मामा’ हे नाव उमटलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मामाच्या फोनची वेळ दुपारी अडीचची, ती कधी चुकायची नाही. म्हटलं, आज म्हाताऱ्याला घाई झालेली दिसते. ‘हॅलो’च्या भानगडीत आम्ही कधी पडत नसू, म्हणून नेहमीसारखं सांगून टाकलं, “एकसष्ट. अजून तापायचाय.” पलीकडून मामीचा आवाज आला, “संजू... तुना मामा गया रे.” मला वाईट वाटण्याआधी लाज वाटली, हे कबूल केलं पाहिजे. जिचा नवरा तासाभरापूर्वी गेला होता, तिला मी माझ्या कॉम्प्युटरचं तापमान सांगितलं होतं. सहा आठवडे झाले, ते ‘एकसष्ट’ काही कानातून जात नाही.

शांताराममामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. धुळ्याकडून सुरतेत आला आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर लागला, तो निवृत्त होईपर्यंत तिथेच. घरही तिथेच. आयुष्यभर वाफ, कोळसा आणि प्रेशरचा काटा. मी सुरतेतच, भेस्तानला राहतो, साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. बोलणं मराठी-गुजराती-हिंदीची भेळ. अहिराणी समजते, पण तोंडातून निघत नाही, यावरून मामा मला ‘परदेशी’ म्हणायचा. त्याचा आणि माझ्या धंद्याचा काडीचा संबंध नव्हता. तो आला ओव्हरक्लॉकिंगमुळे. म्हणजे असं की, प्रोसेसरला कंपनीने एक वेग ठरवून दिलेला असतो. सेटिंगमध्ये शिरून त्याला त्याहून जोरात पळवायचं. नवीन मशीन परवडत नाही, फाइली मात्र दर मोसमात जाड होत जातात, तेव्हा माझ्यासारखे लोक हा उद्योग करतात. वेग मिळतो, पण प्रोसेसर तापतो. फार तापला की स्वतःच मंदावतो, नाहीतर भर कामात मशीन बंद.

माझं मशीन दिवसातून तीनदा बंद पडायचं. दुकानदार म्हणाला, मोठा कूलर घ्या. घेतला, तरी तेच. त्या सुमाराला मामा सहज घरी आला होता. मी वैतागून उघडं मशीन घेऊन बसलेलो. त्याने माझ्याकडे न बघता तळहाताची मागची बाजू कॅबिनेटच्या मागे धरली, मग पुढे धरली, आणि बायकोकडे अगरबत्ती मागितली. तिला वाटलं पूजा करतोय. पेटवलेली अगरबत्ती त्याने पुढच्या पंख्याजवळ नेली, धूर आत गेला. मागच्या पंख्याजवळ नेली, तिथेही धूर आतच गेला. दोन्ही पंखे हवा आत ढकलत होते, बाहेर काढणारा एकही नव्हता. मी मागचा पंखा उलटा बसवला होता! “पाव्हना नुसता येतस, जात कोनीच नही!” म्हणून मामा एवढा हसला की बायकोही हसली. मग कूलर काढायला लावला. प्रोसेसरवर जी पेस्ट लावतात ती मी वडापावला चटणी फासावी तशी फासली होती. “हरभऱ्याच्या डाळीएवढी पुरे,” मामा म्हणाला. ही गोष्ट त्याने जन्मात पाहिली नव्हती, पण दोन धातूंच्या मधली फट भरायची असते, थर द्यायचा नसतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. कॅबिनेट कोनाड्यातून बाहेर आलं, भिंतीपासून हातभर लांब. शेजारी यंत्रमाग असल्यामुळे आमच्याकडे धुळीबरोबर सुताची लव उडते. ती पुढच्या जाळीवर गोधडीसारखी बसली होती. जाळी दर रविवारी धुवायचा हुकूम झाला. त्या दिवशी नव्वदच्या वर जाणारा आकडा अठ्ठ्याहत्तरवर थांबला.

तेव्हापासून रोज अडीचला फोन. दुपारचा अडीच, कारण तेव्हा आमची पत्र्याखालची खोली सगळ्यात तापलेली असते. “कितला?” एवढंच विचारायचा. मी आकडा सांगायचो. “आनि खोली?” खोलीचाही सांगायचो. त्याचं म्हणणं, खोली चाळीस असेल तर प्रोसेसरची सुरुवातच चाळीसपासून. नुसता वरचा आकडा बघून घाबरू नये आणि निवांतही राहू नये. होळी झाली की वेग उतरवायचा, दिवाळीनंतर चढवायचा, असं वेळापत्रकही त्यानेच घालून दिलं. एक अट मात्र विचित्र होती. फोन घ्यायचा तो मशीनजवळ बसून. मी एकदा गॅलरीतून बोललो तर चिडला. बाकी आकड्यावरून तो कधी चिडला नाही. शंभर सांगितला असता तरी “बरं” म्हणाला असता. एकदा मी याचं कारण विचारलं. म्हणाला, बॉयलरवर त्याच्या जोडीला एक माणूस होता. प्रेशर वाढलेलं दाखवलं म्हणून मामाने एकदा त्याला सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाने तक्त्यावर दर तासाला एकच आकडा लिहायला सुरुवात केली, सुंदर, सरळ. आठव्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कुणाला लागलं नाही, नशीब. “चूक त्यानी नव्हती,” मामा म्हणाला. “आकडा सांगणाऱ्यावर चिडायचं नसतं, भाऊ. तो सांगतोय हेच खूप.”

आणि याच माणसाशी मी खोटं बोललो. यंदा होळी झाली, मी वेग उतरवला नाही. पलसाण्याच्या एका पार्टीला लग्नसराईची डिझाइनं लगेच हवी होती, म्हणून उलट थोडा चढवला. अडीचला फोन आला तेव्हा पडद्यावर त्र्याण्णव होता. मी म्हणालो, “पंचाहत्तर.” का? तो रागावणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्र्याण्णव म्हटलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर, तिसऱ्या दिवशीही. सहाव्या दिवशी त्याने खोलीचा आकडा विचारलाच नाही, म्हणाला, “बरं. सांजले येस.”

म्हटल्याप्रमाणे संध्याकाळी तीन मजले चढून आला. दारात कठडा धरून उभा राहिला, आत येऊन दहा मिनिटं नुसता बसला. शर्ट पाठीला चिकटलेला. मी विचारलं, “मामा, बीपीचं काय?” म्हणाला, “बरं शे.” मी पुढे काहीच विचारलं नाही... रोज जो मला आकडा विचारायचा त्याला मी आकडा विचारला नाही. त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाळी काढून स्वतः धुतली, पुसून बसवली, चहा अर्धा ठेवला. जाताना कॅबिनेटवर हात ठेवून म्हणाला, “पंखा थकी गया रे त्याना.” मला वाटलं, पंखा जुना झाला असं म्हणतोय. मी शहाण्यासारखा नवीन पंखा मागवला. त्यानंतर पंधरा दिवसांनी तो गेला. डोक्यातली शीर फुटली. प्रेशर. बाराव्याला कुणीतरी मोठ्या कौतुकाने म्हणालं, जन्मभर प्रेशर सांभाळलं आणि प्रेशरनेच गेला. मी तिथून उठून बाहेर गेलो, नाहीतर तोंडातून भलतंच गेलं असतं.

त्याच दिवशी, माणसं पांगल्यावर, मी मामीला खोटं बोलल्याचं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं. मामीला नवल वाटलं नाही. “त्याले माहीत होतं,” ती म्हणाली. “तो म्हने, पोऱ्या पंचाहत्तर सांगस, पन मांगे पंखा नव्वदना वरडस.” म्हणून मशीनजवळ बसायची अट! प्रोसेसर तापला की पंखा जोरात फिरतो. मामा माझं ऐकत नव्हता, माझ्या मागचा पंखा ऐकत होता. मामीने म्हणे त्याला विचारलं, मग बोलत का नाही भाच्याला? तर म्हणाला, बोललो तर उद्या तो खोटंसुद्धा सांगणार नाही, फोनच उचलणार नाही. आपण जाऊन बसावं, जाळी धुवावी.

समोर फडताळात त्याचं बीपीचं मशीन होतं. रोज सकाळी स्वतःच मोजायचा आणि मामीला सांगायचा, “एकशे तीस.” रोज? मी विचारलं. रोज, मामी म्हणाली, एकशे तीसच. मी मशीन चालू केलं. त्यात जुने आकडे साठवलेले असतात, एक बटण दाबत गेलं की मागे मागे जाता येतं. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे ब्याण्णव. एकशे चौऱ्याऐंशी. ज्या दिवशी माझे तीन मजले चढला त्या दिवशीचा आकडा मी दोनदा पाहिला, तो इथे लिहिणार नाही. मला मामाचा राग आला, अजूनही येतो. बॉयलरवरच्या जोडीदाराची गोष्ट मला सांगितलीस आणि स्वतः घरात तेच केलंस? का, तर तुलाही थांबायचं नव्हतं? आणि त्याहून जास्त राग स्वतःचा येतो. माझा पंखा त्याला पांडेसऱ्यात बसून ऐकू आला, त्याचा श्वास मला हातभर अंतरावरून ऐकू आला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी वेग उतरवला, कंपनीने दिला होता तेवढ्यावर आणला. पार्टीने कुरकुर केली, करू दे. आता अडीच वाजता मशीन सत्तरही गाठत नाही आणि तो आकडा विचारणारं कुणी नाही. मला त्या वेळी बसवत नाही. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतो, धुतलेलीच जाळी पुन्हा काढतो. मग एक दिवस मामीला फोन लावला. तिलाही बीपी आहे. मामाच्याच मशीनवर मोजायला सांगितलं. आता रोज अडीचला लावतो, “कितला?” विचारतो. अहिराणीतलं एवढं एक तोंडातून नीट निघतं.

गेले चार दिवस मामी सांगतेय, “एकशे वीस.” काल एकशे वीस, परवा एकशे वीस. आजही तेच. मी फोन कानाशी घट्ट धरला. आकडा सांगून झाल्यावर मामी थांबली होती, आणि तिचा श्वास येत होता... आखूड, घाईचा.

“बरं,” मी म्हणालो. “सांजले येस.”