एकतिसाव्या पानावरची फुली

टाकेबाई कपडे लहान-मोठे करून देते. चेन बदलते, पँटची उंची कमी करते, कुणाचं वजन वाढलं तर शिवण उसवून वाढवून देते आणि वर दोन शब्द ऐकवतेही. बोलताना दातांत दोरा असतो, म्हणून वाचनालयात तिला सगळे टाकेबाई म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक दुसऱ्या शहरात, मोठ्या नोकरीत. ही एका खोलीत शिलाई मशीनबरोबर राहते आणि दुपारी मशीनवर फडकं टाकून वाचनालयात येते. हावरटासारखी वाचते. चांगलं, वाईट, रडकं, काहीही चालतं.

आता ती फुलीची भानगड आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं बाइंडरकडून एकाच तपकिरी पुठ्ठ्यात बांधून येतात. पाठीवरची अक्षरं लवकरच पुसट होतात. मग घरी नेऊन चार पानं वाचल्यावर कळतं, अरे, हे तर झालंय! म्हणून जुने वाचक आपापली खूण करून ठेवतात. कुणी शेवटच्या पानावर टिंब देतं, कुणी आकड्याखाली रेघ ओढतं. टाकेबाईची खूण एकतिसाव्या पानावर, अगदी शिवणीलगत, पेन्सिलीने काढलेली बारीक फुली. ग्रंथपाल बाईंना सगळं ठाऊक आहे. त्या अशा वेळी चष्मा पुसत बसतात. मला ही सवय मुळीच आवडत नाही. पुस्तक म्हणजे काय भिंत आहे? पण सोय आहे, हे मी नाकारत नाही.

तर एका दुपारी मी पेपर वाचत होते आणि टाकेबाई कपाटाशी उभी होती. तिने एक जाडजूड पुस्तक काढलं, समुद्रावर हरवलेल्या जहाजाची गोष्ट. एकतिसावं पान उघडलं, 'अरे, झालंय वाटतं' म्हणत हसली, परत ठेवलं. दुसरं काढलं. या वेळी हसली नाही. मग तिसरं. मग ती पुस्तक उघडंच धरून माझ्या टेबलाशी आली आणि समोर बसली. चेहरा पार उतरलेला.

"काय गं, बरं वाटत नाहीये का?"

"ताई, माझी फुली आहे."

"मग असू दे की. वाचलं असशील."

"मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. तिन्ही पुस्तकांतलं." तिने पुस्तक मिटून बाजूला सारलं. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

तिच्या आईबद्दल मला तेव्हाच कळलं. त्या बाईने एक दिवस चहा ठेवला आणि चहा म्हणजे काय करायचं हेच विसरली. पुढे पुढे एकावर एक कपडे घालायची. शेवटी टाकेबाई औषध द्यायला जवळ गेली की विचारायची, "तुम्ही कुणाकडे आलात?" हे सगळं टाकेबाईच्या लेकीनेही लहानपणी पाहिलेलं. तिने आईला बजावून ठेवलं होतं, तसं काही जाणवलं तर त्याच दिवशी मला सांगायचं आणि माझ्याकडे यायचं.

"चांगली आहे हो पोरगी," टाकेबाई म्हणाली, "पण तिच्या घरी मशीनला जागा नाही. ती दोघं सकाळी जातात ती रात्री उगवतात. मी तिथे खिडकीत बसून काय करू? कावळे मोजू? ताई, कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, मूर्खपणा करू नकोस. पण खरं सांगायचं तर घरी गेल्यावर मीही आदल्या दिवशी काय वाचलं ते आठवून पाहिलं. या वयात दुसऱ्याचं विसरणं आपल्या दाराशी उभं असल्यासारखं वाटतं.

त्या दिवसापासून बाई बिघडलीच. कुलूप लावून परत फिरायची, कुलूप ओढून बघायची, पुन्हा अर्ध्या जिन्यातून वर. गॅस बंद केला की नाही हे पाहायला वाचनालयातून उठून घरी जायची. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. भीतीने लावली की विसरून, हे कोण सांगणार? तिने स्वतःची परीक्षा घ्यायला ते जहाजाचं पुस्तक घरी नेलं आणि सबंध वाचून काढलं. तिला वाटलं होतं, वाचता वाचता कुठेतरी आठवेल.

"एकही ओळ ओळखीची वाटली नाही," तिने मला कुजबुजत सांगितलं. "कप्तान मरतो ना, तेव्हा मी रडले. असं पहिल्यांदाच रडले हो. म्हणजे आधी रडले असेन तेही पुसलं गेलं."

मी तडक ग्रंथपाल बाईंकडे गेले आणि विचारलं, कोणी कधी कोणतं पुस्तक नेलं ते बघता येतं का?

"नाही हो, काकू. पुस्तक परत आलं की नाव पुसतो आम्ही. कोण काय वाचतं ते ज्याचं त्याच्यापाशी." मग हळूच म्हणाल्या, "टाकेबाईंचं काही आहे का? हल्ली पुस्तक घेताना दरदरून घाम येतो त्यांना."

त्याच सुमारास टाकेबाईला लेकीचा फोन आला. आवाजावरून तिने ओळखलं की आईचं काहीतरी बिनसलंय. म्हणाली, येतेच मी. टाकेबाईने मशीनला तेल दिलं, पुसून काढलं आणि मला विचारलं, "तुमच्याकडे कोपऱ्यात राहील का ही? विकायला जीव होत नाही."

लेक यायची त्याच दिवशी ती वाचनालयात निरोप घ्यायला आल्यासारखी आली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आम्ही ज्यांना ड्रायव्हर म्हणतो, ते गृहस्थ बसले होते. जन्मभर बस चालवली, बायको गेल्यावर इथे यायला लागले. कुणाशी बोलत नाहीत. पुस्तक स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी धरतात. ते एकदम टाकेबाईला म्हणाले, "जहाजाची कशी वाटली?"

टाकेबाई बघतच राहिली. "तुम्हाला काय ठाऊक मी ती नेली होती?"

"नेणारच. मी खूण केली होती ना तुमच्यासाठी."

"कसली खूण?" हे मी विचारलं.

ड्रायव्हर गोंधळले. मग सांगू लागले. त्यांनी आयुष्यात पाट्यांखेरीज काही वाचलं नव्हतं. कोणतं पुस्तक घ्यावं कळेना. एकात फुली दिसली, ते आवडलं. दुसऱ्या फुलीचंही आवडलं. त्यांना वाटलं, वाचनालयच चांगल्या पुस्तकांना फुली देतं. मग एकदा टाकेबाईच्या हातात पेन्सिल दिसली. "म्हटलं, ही बाई आपल्यासारख्या नवख्यांसाठी एवढं करते. तर आपणही करावं. मला जे आवडलं आणि ज्यात तुमची फुली नव्हती, त्यात मी काढली. तुम्हाला सापडावं म्हणून."

"अहो, ती फुली म्हणजे वाचून झालं! चांगलं नाही! वाचून झालं!" टाकेबाई अशी ओरडली की पेपर वाचणारे सगळे वळले. "माझ्या तोंडचं पाणी पळवलंत तुम्ही! मी मशीन द्यायला निघाले होते! तोंड नव्हतं का विचारायला?"

"तुम्ही वाचत असता. मध्येच कसं बोलायचं?"

ती रडली, मग हसली, मग त्यांना कपाटाकडे जवळजवळ ओढतच नेलं. "दाखवा. कुठली तुमची, कुठली माझी." ते पुस्तक उघडायचे आणि म्हणायचे, माझी. माझी. ही तुमची. टाकेबाई लगेच सांगायची, हो, ही सावत्र बहिणींची, शेवटी धाकटी घर विकते. ती अशी खुलली होती की ग्रंथपाल बाईंनी चष्मा न पुसता सगळं पाहिलं.

मग एक बारीकसं पुस्तक निघालं. ड्रायव्हरांनी पान पाहिलं. "ही माझी नाही."

"तुमचीच असेल."

"नाही बाई. मी हे वाचलंच नाही."

टाकेबाईने पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं, शेवटचं वाचलं. तिचा चेहरा पुन्हा उतरला. मी म्हटलं, "एवढंसं तर आहे, कुणाच्या लक्षात राहणार?" ड्रायव्हर म्हणाले, माझीच असेल, मीच विसरलो असेन. पण धडधडीत खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. तिने आमचं कुणाचंच ऐकलं नाही.

लेक थेट वाचनालयातच आली. टाकेबाईने काहीही लपवलं नाही, बारीक पुस्तकसुद्धा. पोरगी पांढरी पडली. "आई, सामान भर."

"इथे त्या एक दुपार आल्या नाहीत तर मी माणूस पाठवते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे दुपारी कोण असतं?"

"मी तिची मुलगी आहे."

"म्हणूनच विचारते."

मग लेक माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही तरी खरं सांगा. ही बरी आहे का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आधी डॉक्टरला दाखव, मग सामानाचं बघ.

डॉक्टरांनी प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आणि म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर टाकेबाई इथेच, मशीनसकट. लेकीने मात्र जाताना माझा नंबर घेतला, ग्रंथपाल बाईंचा घेतला, ड्रायव्हरांचासुद्धा.

आता ती वाचून झालेलं पुस्तक आम्हाला सांगते. कल्पना तिचीच. मी आणि ड्रायव्हर समोर बसतो. तिला वाटतं आम्ही नुसती गोष्ट ऐकतो. नाही, आम्ही तिचं आठवणं तपासतो हे तिला पक्कं कळतं.

काल सांगता सांगता ती थांबली. "मग तिचा भाऊ येतो, तो... तो कामाला असतो ना, ते..." दोरा दातांत तसाच. ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पलीकडे ग्रंथपाल बाईंचा शिक्का हवेतच राहिला.

"सुतार," टाकेबाई म्हणाली. "सुतार असतो तो. असे काय बघताय?"